बाळंतिणीचा कागद

माझ्या सख्ख्या भावाने कागद उलटा धरला. पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या टेबलासमोर, खुर्चीवर बसून. मी खाली जमिनीवर. बाक नाही असं मला सांगितलं होतं. बाक होता. त्यावर अण्णांची, म्हणजे या भावाची, छत्री ठेवली होती.

अण्णांनी चष्मा पुसला. कागद सुलटा केला, पुन्हा उलटा केला. आठव्या वर्षापासून मोडी वाचणारा माणूस. तंजावरात राजवाड्याजवळच्या आमच्या गल्ल्यांत कुणाच्या घरी जुना मोडी कागद निघाला, वाटणीचा, देवळाचा, जमिनीचा, की तो अण्णांकडे जातो. ते वाचून सांगतात. लोक शाल घालतात, नारळ देतात.

"तेरियादु, सार," अण्णा म्हणाले. ठाऊक नाही. "ही आमची लिपी नाही. काहीतरी खुणेचं असावं."

अधिकाऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "ही तुमची कोण?"

"पूर्वी आमच्या गल्लीत राहायची."

मग तो अधिकारी माझ्याकडे वळला. बाहेरून आलेला होता, हिंदी आकडे त्याला कळत होते. त्याने कागदावरचे आकडे दाखवले. तीन, सात, अकरा, चाळीस. मध्ये बारीक वजनं. "तू म्हणतेस हे बाळंतिणीचं औषध आहे. मग वाच."

कागद माझ्या हातात दिला. मी बघत राहिले. वरची रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढलेली, खाली अक्षरं लोंबत होती. मला एकही ओळखता येईना. शिपाई हसले. अण्णा पंख्याकडे बघत होते. माझा नवरा आतल्या खोलीत तीन दिवस उपाशी होता आणि माझ्या घरचा, माझ्या आईने माझ्या ओटीत घातलेला कागद मला वाचता येत नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्याकडे मुलींना लिपी शिकवत नसत. घरात मराठी बोलायची, शाळेत तमिळ लिहायची, संपलं. अण्णांना मात्र आमचे वडील, अप्पा, रोज सकाळी पाटीवर मोडी गिरवायला बसवत. मी सात वर्षांची असेन. एकदा अण्णा उठून गेल्यावर मी त्याच पाटीवर त्यांच्या अक्षरावरून पेन्सिल फिरवली. अप्पांनी पाटी माझ्या हातातून घेतली, ओल्या फडक्याने पुसली, आणि पाटीबरोबर माझी बोटंही पुसली. "तुला काय करायचें आहे गे? चुलीपुरतें बोललें कीं पुरें." कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. म्हणून कितीतरी वर्षं मला तो अपमान वाटलाच नाही.

पुढे मी मीरानशी लग्न केलं. ओरत्तनाडूला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटरी तो दुरुस्त करतो. जात वेगळी असती तर आमच्या लोकांनी दोन वर्षांनी गिळलं असतं. धर्म वेगळा. माझ्या नावाने घरी आंघोळ करून मोकळे झाले. फक्त आईने निरोप धाडला. मला सातवा महिना होता. ती भाजी आणायला म्हणून निघाली, बसस्टँडवर भेटली, आणि हा कागद दिला. तिच्या आजीने स्वतः लिहिलेला, ती मोडी कुठे शिकली कुणालाच ठाऊक नाही. बाळंतिणीला कोणत्या दिवशी कोणतं लेह्य, म्हणजे चाटण, द्यायचं, त्यात सुंठ किती, पिंपळी किती, ओवा किती, गूळ किती. तिलाही वाचता येत नव्हतं. तिने ते तोंडपाठ सांगितलं आणि मी तमिळमध्ये हातावर लिहून घेतलं. "कागद तुझा," म्हणाली. "घरांतल्या लेकीचा असतो तो." माझी नूर त्या लेह्यावर वाढली.

चार वर्षांपूर्वी आई गेली. मला कळवलं तेराव्यानंतर, आणि कळवायला अण्णा स्वतः आले. सव्वीस वर्षांत, नाही, तेव्हा बावीस, बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी. वाटलं भाऊ आला. तो कागदासाठी आला होता. घरचे सगळे कागद मुलाकडे राहतात म्हणाले. मी स्वयंपाकघरात चिंचेच्या बरणीमागून कागद काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी उभ्याउभ्या घडाघडा वाचला. "तिसरे दिवशीं बाळंतिणीस..." आईचा आवाज ऐकल्यासारखं वाटून मी रडायला लागले. पण कागद दिला नाही. परत बरणीमागे ठेवला. अण्णा पाणीसुद्धा न पिता गेले.

या वर्षी दूरच्या एका शहरात बाजारात स्फोट झाला. माणसं मेली. टीव्हीवर एक चप्पल दाखवत होते, लहान मुलाची. मीराननं टीव्ही बंद केला आणि दुकानात न जाता बसून राहिला. त्या मेलेल्यांसाठी आमच्या घरी दोन दिवस कुणाला जेवण गेलं नाही. हे कुणी विचारलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

स्फोट मोबाइलनं घडवला होता. आणि मीरान मोबाइलचे स्टार्टर बसवायचा. आमच्या भागात वीज कधी येईल सांगता येत नाही, म्हणून शेतकरी पंपाला सिमकार्डाचा डबा लावतात. घरून फोन करायचा, शेतात मोटर सुरू. कालव्याकाठच्या पन्नास गावांत कुणालाही विचारा. पण पोलिसांच्या यादीत एवढंच होतं: वायर, सिमकार्ड, सर्किट, आणि नाव मीरान.

सकाळी नऊ वाजता आले. दुकान नंतर उघडलं. आधी घरात शिरले, थेट स्वयंपाकघरात, आणि अधिकाऱ्याने चिंचेची बरणी बाजूला सारून मागचा कागद काढला. दुसरा एक डबासुद्धा हलवला नाही. मला तेव्हा हे खटकायला हवं होतं. पण समोर नवऱ्याला कॉलर धरून जीपमध्ये घालत असताना बरणीचा विचार कोण करतं? आणि आपल्या माणसावर संशय घ्यायला मन फार उशीर लावतं.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगते. रोज सकाळी दार उघडलं की पायरीवर स्टार्टर. शेतकऱ्यांनी पंपावरून काढून आणून ठेवलेले. समोर येऊन कुणी बोललं नाही. कुरुवैची, पहिल्या हंगामाच्या भाताची, रोपं शेतात उभी होती, तरी काढले. नूर त्रिचीला एका लॅबमध्ये काम करते. तिला लॅबवाल्यांनी सांगितलं, थोडे दिवस घरी बस. थोडे दिवस म्हणजे किती, ते सांगितलं नाही. मोडी वाचणारे दुसरे दोन म्हातारे गल्लीत होते, मी त्यांच्याकडे गेले. दोघंही म्हणाले, "अण्णा नाहीं म्हणतात तर आम्ही कोण?"

मीरानला तुरुंगात हलवलं. वकीलबाई म्हणाल्या, स्टार्टरचं आपण समजावू शकतो, विक्रीची बिलं आहेत. अडकवलंय ते त्या कागदानं. गुप्त लिपी, वजनं, दिवसांचे आकडे. लिपीच्या जाणकाराने ओळखायला नकार दिलेला आहे.

तेवढ्यात अण्णांचा निरोप आला. घरी ये.

गेले. काय करणार? नवरा आत होता. गरजवंताला अक्कल नसते.

वैनींनी मला आत बोलावलं नाही. बाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसवलं. अण्णांना पितळी डबरा-पेल्यातून कॉफी आली. मला कागदी कपात. ज्या घरात मी जन्मले त्या घरात कागदी कप. मी प्यायले. हेही लिहून ठेवते, की मी प्यायले.

अण्णांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. हा तमिळमध्ये होता, हा मला वाचता येत होता. माझं लग्न फसवून लावलं गेलं. मला जबरदस्तीनं ठेवलं गेलं. नवऱ्याच्या उद्योगांची मला माहिती नव्हती. खाली माझ्या सहीची जागा.

"ही सही दे," अण्णा म्हणाले. "मग मी ठाण्यांत जाऊन सांगतों, नीट पाहिलें, औषधाचाच कागद आहे. पोरीचें लग्न ठरलें आहे. ते लोक विचारतात, आत्या कुठें असते. काय सांगूं? तूं फसलीस म्हटलें कीं आम्ही सुटलों, तूंही सुटलीस."

"आणि हे?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

"तें कोर्ट बघेल."

खोटं कशाला बोलू, मी पेन हातात घेतलं होतं. मनात हिशेब चालला होता. कागदाचा संशय फिटला तर मीरान बाहेर येईल. बाहेर आला की मी त्याच्या पाया पडेन, म्हणेन सही नाइलाजानं केली. सव्वीस वर्षांचा संसार एका सहीनं खोटा होत नाही, अशी मी माझीच समजूत घालत होते.

मी घुटमळतेय हे पाहून अण्णा चिडले. म्हणाले, "सगळी तुझीच चूक. चिंचेच्या बरणीमागें कोण ठेवतो असले कागद?"

मी पेन खाली ठेवलं.

पोलिसांना कागद कुठे मिळाला ते मी अण्णांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. वकीलबाईंच्या कागदांतही फक्त 'घरातून जप्त' एवढंच लिहिलं होतं. पोलिसांआधी ती जागा घराबाहेरच्या एकाच माणसाने पाहिली होती.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्हीच त्यांना सांगितलंत."

वैनी आतल्या उंबऱ्याशी उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मग अण्णा हळू आवाजात म्हणाले, "पोलीस मजकडे यायच्या आधीं मी गेलों. आपल्यावर यायला नको म्हणून. लेकरें आहेत मला."

घरचा भेदी लंका दाहे. ही म्हण अण्णांच्याच तोंडून लहानपणी शंभरदा ऐकली होती. राग आला का? आला. पण त्याहून जास्त लाज वाटली, स्वतःची. या माणसाने वाचलं तर माझं घर उभं राहील आणि नाही वाचलं तर मोडेल, एवढा अधिकार मी त्याच्या हातात दिला होता. अप्पांनी दिला, गल्लीने दिला, पोलिसांनी दिला. आणि मीही दिला. मी ओट्यावर बसून कागदी कपातली कॉफी पीत त्याच्या मेहेरबानीची वाट बघत होते.

उठले. म्हटलं, "मी फसले नाही. मी पसंत करून केलंय लग्न. तुम्ही ठाण्यात खोटं बोललात, ते आता कोर्टात बोलायचं."

"मग कुजूं दे त्याला," अण्णा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये आपण आपल्या हातानं नवऱ्याच्या दाराला आणखी एक कुलूप घातलं असं वाटत होतं. पुढच्या भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून मीरानला सगळं सांगितलं. वजन निम्म्यावर आलंय त्याचं. म्हणाला, "सही केली असतीस तर मी बाहेर येऊन कुठल्या घरी गेलो असतो?"

वकीलबाईंनी कोर्टाकडून त्या कागदाची नक्कल मिळवली. कोर्टानं दुसरा जाणकार बोलवावा असा अर्जही केला. त्या म्हणाल्या, वेळ लागेल. मी म्हटलं, लागू दे, तोवर मी रिकामी बसणार नाही. नूरने फोनवर शिकवणी शोधली. आधी बाळबोध, म्हणजे देवनागरी, शिकले, मग मोडी. एकोणपन्नासाव्या वर्षी. दुपारी बंद दुकानात, वाइंडिंगच्या टेबलावर वही ठेवून. माझी बोटं चुकायची, नूर हसायची, मग आम्ही दोघी रडायचो, मग परत लिहायचं. पाच महिने. हे जे तुम्ही वाचताय ते त्याच हाताने लिहिलेलं आहे. चुका असतील तर असू द्या.

आता मला तो कागद वाचता येतो. अडखळत, पण येतो. पणजीचं अक्षर गचाळ आहे. दोन ठिकाणी तिने ओवा लिहून खोडलाय.

मंगळवारी तारीख आहे. कोर्टानं बोलावलेला जाणकार येईल तो येईल. त्याआधी मला उभं करा, असं मी वकीलबाईंना सांगितलंय. मी एकेक ओळ वाचणार. आणि साक्षीदार म्हणून अण्णांना समन्स गेलंय. मी वाचून झाल्यावर त्यांना भर कोर्टात एवढंच विचारायचं: हिनं वाचलं ते बरोबर आहे का? आणि बरोबर असेल, तर तेव्हा ठाण्यात तुम्ही काय सांगितलंत, आणि का?

काल वैनी आल्या. माझ्या घरी पहिल्यांदा. दारातच उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. भाचीचं लग्न शुक्रवारी. मंगळवारी अण्णा कोर्टात उभे राहिले तर नवरदेवाकडचे लग्न मोडतील म्हणाल्या. "तारीख पुढें घे गे. दहा दिवस. पोरीनें तुझें काय केलें?"

पोरीनं काही केलेलं नाही. मी तिला पाहिलंसुद्धा नाही कधी. तिच्यासाठी माझा जीव तुटतो, हे मी वैनींना सांगितलं. नूरनंही कुणाचं काही केलं नव्हतं, हेही सांगितलं.

मग त्यांना सांगितलं: "माझा माणूस आत आहे. त्याचा एक दिवससुद्धा मी कुणाच्या मांडवासाठी देणार नाही. अण्णांना सांगा, मंगळवारी दहाला. चष्मा आणा म्हणावं."