ढोलकीसाठी वेगळं खोकं

बालाघाट शहरातल्या एकूण आवाजाची जबाबदारी परमेश्वराने आपल्यावर टाकली आहे, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते लग्नात गेले की आधी नवरदेवाला नव्हे, स्पीकरला भेटतात. एका हातात अक्षता, दुसरा तळवा स्पीकरच्या लाकडावर, डोळे मिटलेले. एकदा त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं, "सोयरीक चांगली जमवली, पण डावा डब्बा फाटून राह्यला." माईक तपासताना ते "हॅलो, हॅलो" म्हणत नाहीत, त्याने काही कळत नाही म्हणे. बसस्टँडवर गावं पुकारतात तसं ते "वारासिवनी, खैरलांजी" असं संथपणे पुकारतात. एका सत्यनारायणाला दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन उठल्या होत्या.

अशा माणसाने नुसता जाडा आवाज वाजवणारा सबवूफर आणला तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. आत स्वतःचा अँप्लिफायर असलेलं ते काळं खोकं ऑटोतून उतरवायला चौघे लागले. महिला भजन मंडळाच्या नवरात्रात त्याचं काय काम, हे मात्र त्यांना विचारायची सोय नव्हती. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको ताई, या मंडळातली मुख्य गाणारी. आजारपणानंतर ताईचा आवाज पार बारीक झाला होता आणि ढोलकी सुरू झाली की तो शोधावा लागे. पहिल्या दिवशी साडूंनी मिक्सरमधून एक वायर खोक्याला नेली आणि दुसऱ्या थेट दोन जुन्या स्पीकरांना. मग ढोलकी तिन्हीकडून दणाणू लागली. ताई नुसती ओठ हलवताना दिसत होती. भजन अर्ध्यात आलं तेव्हा तिने माईक खाली ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, "उद्यापासून मले टाळच द्या वं. गाणं तुमी म्हना."

साडू त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी मला बोलावून म्हणाले, "चूक माहीच हाय. वायर आधी खोक्यात गेली पायजे अन् खोक्यातून पुढं स्पीकरले. मंग ढोलकीचा जाडा आवाज खोकं ठेवून घेते. लहान डब्बे मोकळे राह्यतेत." आम्ही दुपारपर्यंत वायरी बदलल्या, म्हणजे त्यांनी बदलल्या आणि मी बोलणी खाल्ली.

भजनाला ताई टाळ घेऊनच आली. साडू सगळ्या बायकांमधून वाट काढत गेले आणि माईक तिच्यापुढे धरला.

"माह्या एवढ्याशा आवाजाले एवढं मोठं खोकं काहून जी?" ताई म्हणाली.

"हौ, एवढासाच राह्यला," साडू म्हणाले. "तेवढा त मले आयकू दे."

ताई गायली. आवाज पूर्वीचा नव्हता, आता तो परत यायचाही नाही, पण ढोलकीच्या वरून त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मला साडूंबद्दल फार माया वाटली. भजन संपेपर्यंत त्यांनी मिक्सरचं एकही बटण फिरवलं नाही.