न विचारता आलेलं उत्तर

नौदलात मी हवामान अधिकारी होते. कोल्हापुरात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, बोटीवर बाईमाणसाचं काय काम? काम सोपं होतं. समुद्र शांत दिसला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

माझी तात्पुरती नेमणूक एका सर्व्हे जहाजावर झाली. कोकण किनाऱ्यापासून काही मैलांवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक वाफेची बोट तळाशी पडून आहे. पावसाळ्यात निघाली आणि पोहोचलीच नाही. त्या बाजूने आता मोठी जहाजं जाणार होती. सांगाड्याचं वरचं टोक नक्की किती खोल आहे ते ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या सोनार यंत्रावर स्पष्ट होईना. म्हणून डायव्हर उतरवायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी बंदरावर मासेमारी बोटीच्या एका तांडेलाकडे चौकशी केली. तिथे जाळी फाटतात, आम्ही फिरकत नाही, असं तो म्हणाला. मला ते पटलं नाही. दुपारीच मी त्या जागेवर जाळ्याचे बोये तरंगताना पाहिले होते, आणि ते नवे कोरे होते. डायव्हिंगचे प्रमुख चीफ पेटी ऑफिसर होते, त्यांना सगळे चीफ म्हणत. त्यांच्या मते बोये कुठूनही वाहत येतात. तरी त्यांनी डायव्हरला जादा चाकू दिला.

डायव्हर लीडिंग सीमन तानाजी खोत, शिरोळचा. मी कोल्हापूरची आहे हे कळल्यापासून आसपास कोणी नसलं की तो मला "पावणं" म्हणायचा.

"कृष्णेच्या पुरातनं म्हशी काढल्यात मी," तो म्हणाला. "म्हशी लाथा तरी मारत्यात. ह्यो इंग्रजांचा लोखंडी डबा काय करनार?"

"जाळं दिसलं तर वर ये."

"व्हय की."

सकाळी आम्ही रबरी बोटीतून त्या जागी गेलो आणि खोत पाण्यात उतरला. त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक चीफच्या हातात होतं. पद्धत अशी की वरून एकदा खेचायचं, म्हणजे "ठीक आहेस का?" खालून एक खेच आली की ठीक. चीफ विचारत होते, खालून उत्तर येत होतं. जहाजाला रेडिओवर कळवलं, "डायव्हर ओके."

वारा नव्हता. पण लांबवरच्या कुठल्या तरी वादळाची संथ, लांब लाट बोटीखालून जात होती. तिच्यावर लक्ष ठेवणं माझंच काम होतं. थोड्या वेळाने मला खटकलं. खोतचं उत्तर दर वेळी बोट लाटेवर चढली की येत होतं.

"चीफ, आता विचारू नका. नुसता धरून ठेवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोर स्थिर धरला. लाट आली आणि दोराला एक खेच बसली. पुढची लाट आली, पुन्हा एक.

"हा खोत नाही," मी म्हणाले. "दोर अडकलाय. लाट ओढतेय."

चीफनी एकच शब्द उच्चारला, "स्टँडबाय." तयारीत बसलेला दुसरा डायव्हर, जोसेफ, पाण्यात गेला. मी रेडिओ घेतला.

"डायव्हर अडकलाय. स्टँडबाय पाण्यात. डॉक्टर तयार ठेवा."

जोसेफने त्याला वर आणलं. जहाजावर पोहोचेपर्यंत आम्ही आळीपाळीने त्याची छाती दाबत राहिलो. डॉक्टरांनीही बराच वेळ प्रयत्न केले. मग ते थांबले.

शिरोळला मी चीफबरोबर गेले. खोतच्या वडिलांना वाटत होतं की आम्ही काही तरी लपवतोय. त्यांनी विचारलं, "दोर कुनी सोडला का? खरं सांगा." चीफनी सांगितलं, "दोर शेवटपर्यंत माझ्या हातात होता." मग लाटेचंही सांगितलं. काही लपवलं नाही. वडील बराच वेळ चीफच्या हातांकडे बघत बसले.

"त्या जुन्या बोटीत मानसं हुती?"

होती, मी म्हणाले. साहेब, प्रवासी, आपल्याकडचे खलाशी.

"त्यांची नावं?"

"साहेबांची सापडतात. खलाशांची नाही."

"मग आमच्या पोराचं लिवून ठेवा कुटं तरी."

म्हणून हे लिहिलं. लीडिंग सीमन तानाजी खोत, गाव शिरोळ. जोसेफला तो सांगाड्याच्या फासळ्यांत सापडला, तेव्हा चाकू त्याच्या मुठीत होता आणि जाळं निम्म्याहून जास्त कापून झालं होतं.