वरंधा घाट उतरलेला ड्रायव्हर

टायरवाल्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पुण्यात मी गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहून काम करून घ्यायचो. नजर हटली की चांगला पार्ट काढून भंगार बसवतील, ही खात्रीच! तीच खोड घेऊन मी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावी आलो.

नोव्हेंबरात ऑइल बदलायला गेलो, तर तिथला माणूस म्हणे, स्नो पडायच्या आत बर्फावर पकड धरणारे विंटर टायर घाला. अरे, टायरवर 'ऑल सीझन' छापलंय, मग हिवाळा काय सीझन नाही? म्हटलं, हा बकरा शोधतोय. शेजारचे काका वीस वर्षं इथे राहतात, तेही तेच म्हणाले. मला वाटलं, यांचं दुकानाशी साटंलोटं असणार.

"दसऱ्याला चारही चाकांखाली लिंबं ठेवलीस ना? आता टायरही बदल," काका हसत म्हणाले.

"काका, भर पावसात वरंधा घाट उतरलोय मी. हातात कसब लागतं."

बायकोला सातवा महिना होता. चेकअपच्या दिवशी सकाळी रस्ता पांढराफटक. ती म्हणाली, "काकांना विचारू का रे? त्यांच्या गाडीला ते टायर आहेत."

मी भडकलोच. "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" ती गाडीत बसली.

उतार संपतो तिथे स्टॉप साइन होती. ब्रेक दाबला, तो पायाखाली नुसता खडखडला. गाडी आपली घसरतेच आहे! गिअर खाली घेतला, स्टिअरिंग फिरवलं, घाटातलं सगळं शहाणपण करून झालं. समोरून आडवी स्कूल बस हॉर्न देत गेली आणि तिच्या मागून आम्ही पलीकडच्या बर्फाच्या ढिगात घुसलो. बायकोचे दोन्ही हात पोटावर होते.

"लागलं का गं?"

पोटावरचे हात न काढता ती म्हणाली, "बाळ हललं." मग तिने काकांना फोन लावला. काका आले. ती त्यांच्या गाडीत बसून चेकअपला गेली.

दुसऱ्याच दिवशी मी टायर बदलले. पोर आता चार वर्षांची झाली. अजूनही बर्फ पडला की बायको तिला गाडीत बसवण्याआधी वाकून चारही टायर चाचपते, आणि मग माझ्याकडे बघते. मी मेकॅनिककडे बघायचो ना, अगदी तसंच.