येसर कोण भाजत होतं?

भूत-बित, आत्मा-बित्मा... आपला काडीचा विश्वास नाही. मी फौजी मेसमधला कुक. एकवीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलोय. माझा विश्वास माझ्या नाकावर आणि जिभेवर. आणि नेमकी तीच दोन्ही गेली होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. हसायचं तर हसा, पण पुरतं वाचून हसा.

कॅम्प आमचा लातूर जिल्ह्यात, नाव लिहीत नाही. मी मुरुडचा, बालाजी. कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा एक बराक रिकामी करून पॉझिटिव्ह जवान तिथं ठेवले. एका खोलीत आम्ही सहा जण. बराकीपुढं परेडचं मैदान, मैदानात चुन्याची पांढरी रेघ आणि रेघेपलीकडं फॅमिली क्वार्टर. तिथल्या बायकांनी आमच्यासाठी पाळ्या लावल्या होत्या. आज पंजाबी वहिनींचा राजमा, उद्या तेलुगू ताईंचा पप्पू, म्हणजे त्यांची डाळ. डबे रेघेवर ठेवायचे आणि मागं सरकायचं. संध्याकाळी सगळी लेकरंबाळं घेऊन त्या रेघेपाशी यायच्या, हात हलवायच्या. आम्ही व्हरांड्यातून हलवायचो. खरं सांगतो, दिवसभर त्याचीच वाट बघायचो.

पण सहाच्या सहा जणांचा वास गेलेला. राजमा काय आणि पप्पू काय, तोंडात नुसता चिखल. तरी आम्ही पाच जण ढकलायचो कसंबसं.

सहावे हवालदार कदम साहेब, माझ्या शेजारच्या खाटेवर. नांदेडजवळच्या अर्धापूरचे, घरची केळीची बाग. व्हॉलीबॉल खेळताना त्यांचा आवाज मेसपर्यंत यायचा. त्या माणसानं चार दिवस घास घेतला नव्हता. डबा न उघडताच म्हणायचे, "दुसऱ्याला दे." कदम वहिनी रोज क्वार्टरातून फोनवर मला विचारायच्या, "भाऊजी, जेवले का हो हे?" दोन दिवस मी हाव म्हणालो. तिसऱ्या दिवशी खोटं बोलवेना.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर साहेबांनी बजावलं... उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर लातूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. त्या दिवसांत याची किती धास्ती वाटायची, ते तुम्हाला माहीतच आहे. कदम साहेब भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "आता काही खरं न्हाई बालाजी. तुझ्या वहिनीला नांदेडच्या गाडीत नीट बसवून दे." मला लई राग आला. "तुम्हीच बसवा," म्हणालो आणि कूस बदलली.

दुपारचे चार वाजले असतील. बाहेर रणरणतं ऊन, वारं बंद. आणि मला वास आला. बारा दिवसांतला पहिला वास... येसर भाजल्याचा. आमच्याकडं लग्नघरी गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, खोबरं असं सगळं भाजून, दळून ठेवतात, ते येसर. त्याचीच आमटी करतात. आधी धने आले, मग जिरं, मग खोबरं. आणि धने जरासे लागलेले. वाटलं, ताप डोक्यात गेला.

तेवढ्यात समोरचा जोसेफ उठून बसला. केरळचा जवान. "भैया, कुछ भुन रहा है क्या? नारियल जैसा?" त्या बिचाऱ्यानं येसर जन्मात पाहिलेलं नाही. मग तिसरा उठला, चौथा उठला, पाचवा उठला. माझ्या अंगावर काटा आला, पण भीती म्हणून वाटली नाही.

आणि कदम साहेब भिंतीकडून वळले. "धने लागून राहिलेत," म्हणाले. "आच कमी कर म्हणावं तिला."

ती कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी दारातल्या वॉर्डबॉयला हाक मारली. त्यानं मास्क खाली करून दोनदा हुंगलं. "मला तर फिनाईलशिवाय काहीच येईना." मेसला फोन लावला, तर दुपारची भांडी घासून भट्ट्या थंड. मग वहिनींना. त्यांनी सगळं क्वार्टर विचारून पाहिलं, कुणीच काही भाजत नव्हतं. "येसर तर महिन्यामागंच संपलं भाऊजी. का हो?"

कदम साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "येसराची आमटी करतीस का? भूक लागलीय."

मग वहिनी रडत रडत म्हणाल्या, "करते की. आत्ता करते."

क्वार्टरात एकच धांदल उडाली. एकीकडून धने, दुसरीकडून खोबरं, पंजाबी वहिनींचे गहू, तेलुगू ताईंचा मिक्सर. दिवेलागणीला आमटी आणि भाकरी रेघेवर आली.

आणि इथंच माझं डोकं चालत नाही. डबा उघडला, वाफ तोंडावर आली... आणि वास शून्य. सहांपैकी एकालाही नाही. खरी आमटी समोर असताना काहीच नाही. कदम साहेब वाटीकडं बघत बसले. मला धडकी भरली, आता हे वाटी बाजूला सारतात.

"मेसचा नियम काय हाय?" त्यांनी विचारलं. "चाखून पास झाल्याबिगर जेवण वाढायचं न्हाई. चाख."

चाखली. चिखल.

"पास," मी म्हणालो.

"मीठ?"

"एकदम बरोबर."

त्यांनी दीड भाकरी खाल्ली. वॉर्डबॉयनं रिकामा डबा व्हरांड्यातून उंच धरून दाखवला, तेव्हा रेघेपलीकडं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खांद्याला धरून कदम साहेब बाहेर आले आणि त्यांनी हात हलवला. मला रडू आवरेना.

लातूरला न्यावं लागलं नाही. नऊ दिवसांनी आम्ही सगळे घरी गेलो. मग वहिनींनी सांगितलं, "त्या दिवशी गडबडीत आमटीत मीठच घातलं नव्हतं हो भाऊजी."

डॉक्टर साहेब म्हणाले, वास गेलेल्यांना असे भास होतात. होत असतील. पण सहा जणांना, एकाच वेळी, एकच भास? जोसेफलासुद्धा?

माझा वास हळूहळू परत आला. घरी येसर भाजताना मी मुद्दाम चुलीपाशी उभा राहतो, पण तो वास पुन्हा आला नाही. मागच्या महिन्यात अर्धापूरला गेलो होतो. साहेब आता रिटायर, बागेत राबतात. वहिनींनी येसराची आमटी केली होती. साहेबांनी वाटी आधी माझ्याकडं सरकवली आणि हात बांधून बसले.

मी चाखली. मीठ बरोबर होतं. "पास," म्हणालो, तेव्हा कुठं त्यांनी भाकरी मोडली.