गावाने यशवंताला ठेवलेलं नाव

धामापूरला भाचीच्या घरी गेलो होतो. जेवण आटोपून ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून टेकराज बोलत होता. टेकराज म्हणजे आमच्या गावातल्या आंब्याच्या बागेचा नेपाळी राखणदार. "काका, यशवंतभाऊ गेले," एवढंच म्हणाला. सांगायला लाज वाटते, पण कोण यशवंत, हे मला पटकन कळलंच नाही. "खंयचो यशवंत?" असं मी त्याला विचारलंसुद्धा. टेकराज गोंधळला. मग म्हणाला, "सुमनकाकींचे... आपले यशवंतभाऊ." तेव्हा कुठे उजेड पडला. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यातली साठेक वर्षं आम्ही एकमेकांना ओळखत होतो. पण गावात त्याला यशवंत म्हणणारं कोणी राहिलंच नव्हतं. लहानथोर सगळे त्याला 'भित्रो' म्हणत. मीही म्हणायचो. आता त्याला जाऊन दीड महिना होऊन गेलाय, आणि हे नाव त्याला कसं चिकटलं ते लिहिल्याशिवाय मला त्याच्याबद्दल दुसरं काही लिहिता येत नाहीये.

आमचं गाव मसुऱ्याच्या पलीकडे, नदीच्या काठावर. तेव्हा पूल नव्हता, होडीने ये-जा चालायची. आम्ही दोघे एकोणीस-वीस वर्षांचे असू. श्रावणातल्या एका दुपारी काठाने घरी चाललो होतो. नदी तांबडी होऊन फुगलेली. आमच्या डोळ्यांदेखत होडी उलटली. होडीवाला आणि एक बाई पोहत पलीकडच्या काठाला लागली, पण आबा नावाचे एक म्हातारे पाण्यात वाकलेल्या करंजाच्या फांदीला धरून लोंबकळत राहिले. अशा पाण्यात पोहणं आम्हा दोघांच्याही आवाक्यातलं नव्हतं. मी यशवंताला म्हटलं, "तू हंयच रव, मी लोकांक घेवन येतंय," आणि धावत सुटलो. लोकांना आणायलाच धावलो, हे खरं. पण ते पाणी पाहवत नव्हतं म्हणून धावलो, हेही तितकंच खरं. वाडीतली माणसं दोर घेऊन आली तेव्हा यशवंत गुडघाभर पाण्यात उभा होता, थरथरत होता, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आबांना वर काढलं. ते वाचले. दुसऱ्या दिवशी दुकानावर कोणीतरी विचारलं, "विनायक धावलो, आणि ह्यो काय करी होतो रे?" यशवंताचा घसा बसलेला होता. मी म्हणालो, "तो थंयच उभो होतो." त्यात खोटं काही नव्हतं. पण दुकानावरचे लोक हसले, आणि त्या हसण्यात मीही होतो... त्या संध्याकाळपासून तो भित्रो झाला.

पुढे दोनेक महिने आबा अंथरुणालाच होते, मग मुलाकडे मुंबईला राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते सहज बोलून गेले, "तो यशवंत नसतो तर मी गेलंय असतंय रे. आबा, फांदी सोडू नको, सोडू नको, अशी बोंब मारी होतो. हात सुटाक इल्लो माझो. त्याच्या तोंडाकडे बघीत रवलंय म्हणान वाचलंय." म्हणजे तो नुसता उभा नव्हता. घसा बसेपर्यंत ओरडून त्याने एका माणसाला धरून ठेवलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण तोपर्यंत गाव मला 'धावान गेलो म्हणान म्हातारो वाचलो' असं म्हणायला लागलं होतं. कुठे काही अडलं की लोक 'विनायकाक इचारा' म्हणत. विचारत गेले तसा मी शहाण्यासारखा बोलायला शिकलो, चालायला शिकलो. पुढे सरपंचही झालो. माझ्यात मुळात तेवढं काही होतं असं मला आज वाटत नाही. लोकांनी माझ्यासाठी एक जागा करून दिली आणि मी तिथे बसलो, एवढंच.

यशवंतालाही त्यांनी जागा करून दिली होती. माझ्यासमोर तो बदलत गेला. शाळेत असताना झाडाच्या शेंड्यापर्यंत चढणारा हा मुलगा ओढ्यावरच्या साकवावरून जाताना थबकायला लागला, कारण मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, "सांभाळ हां भित्र्या!" देवळातल्या बैठकीत तो शेवटच्या खांबामागे बसायचा. बोलायला तोंड उघडलं की आधीच दोघे-तिघे हसायचे, मग वाक्य अर्ध्यावर सोडून तो स्वतःही हसायचा. ते हसू मला फार ओळखीचं झालं होतं. आपल्यावर दुसरा हसायच्या आत माणूस स्वतःवर हसून घेतो, तसलं.

मग त्याला ओरोसला जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. तिथेच सरकारी क्वार्टर मिळालं, सुमनवहिनीशी लग्न झालं. शनिवारी संध्याकाळच्या बसने दोघे गावी येत आणि सोमवारी पहाटे परत जात. वहिनी एकदा थट्टेने मला म्हणाल्या होत्या, "भावजी, थंय बसीत चढतत ते येगळे, आणि हंय उतरतत ते येगळेच. माका दोन घोव आसत." मी हसलो होतो. त्यांचं म्हणणं कळलं ते बऱ्याच वर्षांनी, जमिनीच्या एका कामासाठी त्याच्या कचेरीत गेलो तेव्हा.

दारातूनच मला एक खणखणीत आवाज ऐकू आला. "साहेब, या आजी चौथ्यांदा आल्यात. कागद पूर्ण आहेत. तुम्ही सही करणार नसाल तर का नाही, ते लिहून द्या. मी त्यांना वाचून दाखवतो." साहेबांच्या टेबलासमोर ताठ उभा राहून एक कारकून बोलत होता. साहेब वैतागले, पण सही झाली. आजींना कागद देऊन तो कारकून वळला, तर तो यशवंत! मी तोंडात बोट घालायचाच बाकी होतो. पण त्याने मला पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याचे खांदे खाली आले. आवाज बारीक झाला. "कधी इलस रे?" म्हणत तो ते ओळखीचं हसू हसला. मी दारात नुसता उभा राहिल्याने त्या माणसाचं हे झालं होतं! त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चहा मागवला आणि कौतुकाने सांगायला लागल्या. गेल्या वर्षी क्वार्टर्समध्ये एका घरात गॅसच्या सिलिंडरने पेट घेतला, सगळे बाहेर पळाले, तर भाऊसाहेबांनी ओलं गोणपाट टाकून तो पेटता सिलिंडर मैदानात ओढत नेला. तिथे त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत.

मला बसवर सोडायला तो आला तेव्हा मी म्हटलं, "गावात कधी सांगलंस नाय रे ह्या?" तो म्हणाला, "थंय कोणाक पटाचा नाय. आणि खरा सांगू? गावात ता माका जमाचाच नाय. हंय माका कोण भित्रो म्हणणा नाय, म्हणान जमता." एवढं बोलून त्याने विषय बदलला.

हे सगळ्यांना सांगायचं असं ठरवूनच मी गावात परतलो. दुसऱ्याच दिवशी दुकानावर सुरुवातही केली. "अरे, आपलो भित्रो..." एवढं म्हणेपर्यंत लोक हसायला लागले. "सिलिंडर? भित्र्यान?" एकाने त्याची नक्कल करून दाखवली. ती इतकी हुबेहूब होती की मलाही हसू आलं. आणि मी ते तिथेच सोडून दिलं. ते नाव न घेताही मी त्याची गोष्ट सुरू करू शकलो असतो, 'आपलो यशवंत' म्हणून. ते मला सुचलंसुद्धा नाही.

निवृत्त होऊन तो कायमचा गावी आला. क्वार्टर सुटलं, कचेरी सुटली, भाऊसाहेब म्हणणारी माणसं सुटली. ओरोसच्या यशवंताला आता राहायला जागाच उरली नाही. तो काजूची बाग बघायचा, संध्याकाळी काठावर फिरायचा. वाटेत टेकराजच्या खोपीवर थांबायचा, चहा घ्यायचा. टेकराज त्याला गावाने ठेवलेल्या नावाने हाक मारत नसे. त्याच्याशी बोलताना यशवंत मोठ्याने हसतो, असं एकदोघांनी मला सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका बागायतदाराच्या खोपीतून काजूची दोन पोती गेली. कोणी नेली ते कोणी पाहिलं नव्हतं. पण संशय टेकराजवर धरला गेला. रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात बैठक बसली, अध्यक्ष मीच. बहादूर चोर आहे, त्याला गावातून काढायचं, कोणी कामावर ठेवायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच. टेकराज पायरीपाशी, चपलांजवळ उभा होता. आणि शेवटच्या खांबामागून यशवंत उठला. हातात घडी घातलेला कागद. "अध्यक्षमहाराज, मला थोडं बोलायचं आहे," तो म्हणाला. मालवणीत नाही, कचेरीतल्या मराठीत! मंडपात हशा उसळला. "भित्रो सायब झालो!" कोणीतरी ओरडलं. तो थांबला, कागदाकडे पाहिलं आणि पुढे बोलू लागला.

"या माणसाचं नाव कोणाला माहीत आहे का?"

"बहादूर!" दोघे-तिघे म्हणाले.

"ते आपण ठेवलेलं. नऊ वर्षं तो इथे आहे." मग पायरीकडे वळून, "तुमचं नाव सांगा."

"टेकराज," तो खाली मान घालून म्हणाला. मंडपातल्या बहुतेकांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. मीसुद्धा.

"टेकराजला पोती नेताना कोणी पाहिलं? कोणी नाही. तरी आज आपण त्याला चोर म्हटलं, की उद्यापासून तो चोरासारखा चालेल. कडेकडेने जाईल. हाक मारली की दचकेल. आणि मग आपण म्हणू, बघा, चोरच होता. माणसाचं असं होतं. मला माहीत आहे." आवाज कचेरीतल्यासारखाच खणखणीत होता. इथे तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. चांगलाच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, पुढचं विसरला बिचारा. मी समोरचे कागद सारखे करत बसलो. मग त्याने कागद पुन्हा समोर धरला आणि एकट्यानेच पुढे बोलून पूर्ण केलं.

टेकराज राहिला. पोती कोणी नेली ते आजवर कळलेलं नाही. यशवंताला मात्र त्यानंतर देवळात बोलायला कोणी सांगितलं नाही आणि तो बोललाही नाही. त्याच्यावर हसणं तेवढं कमी झालं होतं. यंदा मृग लागायच्या सुमारास त्याला धाप लागायला लागली, हृदयाचा त्रास निघाला आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. शेवटी भेटलो तेव्हा तो अंगणात खुर्चीवर बसला होता. नदीचं ते सगळं बोलावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो खतांच्या भावाबद्दल बोलत होता, मीही तेच बोललो... आणि उठलो.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. आबांनी मला काय सांगितलं होतं, ते पहिल्यांदा कोणापुढे तरी बोललो. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "ह्या तुमी ते असताना सांगूक होया होता, भावजी," एवढंच म्हणाल्या. मग आत गेल्या आणि कपाटातून एक कागद घेऊन आल्या. बैठकीतला. म्हणाल्या, "तीन दिवस काजीच्या खोपीत जावन ह्या बोलान बघी होते. पोत्यांसमोर."

कागदावर त्याचं सुबक कारकुनी अक्षर होतं. भाषण प्रमाण मराठीत, आणि समासात बारीक अक्षरात, स्वतःसाठी, मालवणीत सूचना. पहिल्या ओळीपाशी, 'हंय सगळे हसतले. हसांदेत. फुडे वाच.' मधे कुठे, 'सावकाश.' आणि 'मला माहीत आहे' या वाक्याच्या बाजूला लिहिलं होतं, 'हंय वायच थांब. विनायक बोलतलो.'

म्हणजे बैठकीत तो पुढचं विसरला नव्हता, मी बोलेन म्हणून थांबला होता. शेवटी विचारलं, "वहिनी, ह्यो माका देशात?"

"नको," त्यांनी कागद माझ्या हातातून हलकेच काढून घेतला, होती तशी घडी घातली. "ह्यो त्येंचो. त्येंचा बोलान झाला. तुमचा काय ता तुमी लिवा."