जेवण झालं का, आबा?

बायको गेली आणि काही महिन्यांनी मी स्वतःच्या जिवाला अपाय करून घेतला. कसा, ते सांगत नाही. शेजारच्या वहिनींनी वेळेत पाहिलं म्हणून वाचलो. घरी आल्यावर दवाखान्यातल्या एक बाई दर आठवड्याला फोन करायला लागल्या. मी म्हटलं, ह्यांना काही उद्योग नाही का.

पहिला प्रश्न ठरलेला. "आबा, जेवण झालं का?"

"झालं."

आमच्या देवळा गावाकडं असं विचारलं की झालंच म्हणायचं, पोटात काही असो नसो. नाही म्हटलं तर समोरचा ताट वाढायला उठतो, त्याला कशाला त्रास. फोनवर ताट कोण वाढणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"भाजी काय केली?"

"वांगं."

असं बऱ्याचदा झालं. एक दिवस बाई म्हणाल्या, "आबा, दर फोनला वांगंच? मळा घेतलाय का वांग्याचा?"

मला हसू फुटलं, बायको गेल्यापासून पहिल्यांदा. अन् हसता हसता रडायलाच लागलो. म्हटलं, "बाई, कालपासून गॅस पेटवला नाय. खायचं कुणासाठी? परत तसलेच विचार येतात."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. मग सरळच विचारलं, "आत्ता काही करून घ्यायचं मनात आहे का?"

पोरगी, जावई माझ्यासमोर मरणाचा शब्दसुद्धा गिळायचे. ह्या बाईंनी तोंडावर विचारलं, तर मलाच हलकं वाटलं.

"विचार हाय. आज नाय करणार."

"कुणाला तरी बोलवा," म्हणाल्या अन् तोवर फोन ठेवला नाही. मी वहिनींना हाक मारली, त्यांच्या हातात फोन दिला. दुसऱ्या दिवशी जावयानं डॉक्टरांकडं नेलं.

तेव्हापासून माझ्या गोळ्या वहिनींकडं असतात. सकाळी घ्यायला गेलो की आधी पोहे पुढ्यात. "भाऊ, उपाशीपोटी गोळी मिळणार नाही." लय कडक बाई.

बायको नाही ते नाहीच, घर रिकामंच वाटतं. पण जेवतो, झोपतो, अंबडच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांबरोबर बसून सरकारला शिव्या घालतो. बरं चाललंय.

आता फोन महिन्यातून एकदा येतो. मीच सांगून ठेवलंय, "मधीच मन बिघडलं तर मी लावीन, तुमची वाट नाय बघायचो."

मागच्या सोमवारी लावला. बाई रजेवर होत्या, दुसरीच कोणी बोलली. तिलाही पहिल्यापासून सगळं सांगितलं.