हवामानबाईंचा खोकला

तिला सगळे हवामानबाई म्हणत. केस काळे होते तेव्हापासून ती रेडिओवर साऱ्या देशाचं हवामान वाचायची. किराणावाला हटकून विचारी, "काय बाई, आज कपडे बाहेर वाळत घालू का?"

"घाला की. भिजले तर वेधशाळेला शिव्या द्या. मी नुसती वाचते."

ते खरंच होतं. वेधशाळेच्या मजकुरातला एकही शब्द बदलायचा नाही, पदरचा घालायचा नाही, असा नियम होता. तिने तो कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी सकाळीच पूल पाण्याखाली गेला. दुपारची निवेदिका येऊ शकली नाही आणि हिला घरी जाता येईना. निवेदनाच्या खोलीला खिडकी नाही, दार जाडजूड, यंत्रांसाठी हवा गार केलेली. शाल लपेटून ती दर तासाला तेच वाचत होती: पुढचे दोन दिवस उत्तरेत थंडीची लाट, दक्षिणेत उकाडा, दोन्हीकडचे वारे मधल्या पट्ट्यात भिडून वादळी पाऊस. नदीकाठच्या लोकांनी वरच्या मजल्यावर जावं.

नदीकाठी तिची थोरली बहीण राहत होती, तळमजल्यावर, एकटी. खिडक्यांना गज आणि दार बाहेर उघडणारं. दाराशी पाणी चढलं की ते आतून ढकलता येणार नव्हतं. फोन होता वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे, आणि त्यांच्या कुंड्यांचं पाणी चादरींवर गळलं म्हणून ताईने त्यांच्याशी अबोला धरलेला.

तिने मास्तरीणबाईंना फोन लावला.

"अहो, हाका मारून मारून माझा घसा बसला. म्हणतात, बुडेन, पण तुमचा उंबरा ओलांडणार नाही. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय हो!"

"रेडिओ लावलाय का तिने?"

"लावलाय ना, मोठ्याने. तुम्ही सांगताय वर जा, आणि त्या खुशाल कांदा चिरतायत."

ताईचं हे नेहमीचंच. ती हवामान कधी ऐकतच नसे, बहिणीचा आवाज ऐके. मध्ये एकदा हिचा आवाज बसला होता, तेव्हा अबोला असूनही ताई वर गेली होती आणि तोंड फिरवून "फोन" एवढंच म्हणाली होती.

लाल दिवा लागला. "उत्तरेकडील पारा..." तिने सुरुवात केली आणि ती खोकली. उकाड्यापाशी पुन्हा खोकली. वादळापाशी तर अशी उबळ आणली की काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने डोक्याला हात लावला. शब्द मात्र एकही गाळला नाही.

साहेब धावत आले. "बाई, सारा देश ऐकतोय! बरं नसेल तर सांगायचं."

"सांगून काय करणार, साहेब? दुसरी आणणार कुठून?"

साहेब घड्याळ बघत परत गेले. ती काचेपलीकडे, तंत्रज्ञाच्या टेबलावरच्या फोनपाशी जाऊन बसली. फोन वाजेना. तिने उचलून पाहिला, चालू होता. आता आपल्याला खरंच खोकला येणार, असं तिला वाटायला लागलं.

पुढच्या वाचनाची वेळ होत आली, तेव्हा तो खणखणला.

"अगं, छाती फुटेल की! शाल घेतलीस का?"

"ताई, कुठून बोलतेस?"

"कुठून म्हणजे? हिच्याकडून. तू गरम पाणी पी. मी जाते, दार उघडंच टाकून आलेय."

"खाली जाऊ नकोस! मास्तरीणबाईंना सांग, दाराला कडी घाला म्हणावं!"

"मी नाही हिच्याशी बोलत."

पण धाकटीचा आरडाओरडा फोनबाहेर पोचला असावा. पलीकडे कडी वाजली. "खालची पायरी बुडाली," मागून मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता कुठं जाताय?"

"अगं, ही मला कोंडतेय!"

"कोंडू दे. मी काय इथे बागेत बसलेय?"

ताईने हळूच विचारलं, "तुला खोकला झालाय ना गं खरंच?"

तंत्रज्ञाने खूण केली. तिने फोन ठेवला, जाड दार ओढून घेतलं आणि पुढचे दोन दिवस देशाला पुन्हा वाचून दाखवले. या खेपेस आवाज स्वच्छ होता. तो ऐकून ताई काय काय बोलली, ते मास्तरीणबाईंनाच ठाऊक. पाणी उतरेपर्यंतचे दोन दिवस ताईचं ऐकायला दुसरं कोणी नव्हतंच.